एकादशीचं ताट आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं. आषाढी असो की महाशिवरात्र, मराठी घरातलं उपवासाचं ताट साधारण असंच असतं. १४९२ साली कोलंबस स्पेनहून निघाला तेव्हा यातलं एकही पीक भारतात नव्हतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग वाद घालतात आणि मग एकेक प्रश्न काढतात. नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कोणता पदार्थ शास्त्राला धरून आहे याचा निवाडा मात्र इथे मिळणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरातल्या आजीचा प्रांत.

म्हणजे सगळंच ताट परदेशी?

सगळं नाही. वरई, शिंगाडा, सुरण, काकडी, केळी, नारळ, आमसूल, जिरं, दूध-तूप-ताक ही मंडळी इथे फार जुनी. पण पोट ज्यांनी भरतं ते बहुतेक जिन्नस अमेरिका खंडांतले, म्हणजे मेक्सिकोपासून खाली पेरू, बोलिव्हिया, ब्राझीलपर्यंतच्या पट्ट्यातले. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून ही पिकं जगभर फिरली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि आपल्या किनाऱ्यावर त्यांचं मोठं ठाणं झालं. त्यानंतर काही पिकं पटकन रुळली, काहींना शेतातून स्वयंपाकघरात यायला दोन-तीनशे वर्षं लागली. साबुदाणा तर आत्ता आत्ताचा आहे.

साबुदाणा झाडाला लागतो का?

नाही. तो कारखान्यात होतो. कसावा नावाच्या झुडपाचा लांबट कंद असतो, केरळात त्याला कप्पा म्हणतात. तो सोलून, धुऊन, किसून, पाण्यात कालवून गाळतात. गाळलेलं दुधासारखं पाणी हौदात निवळत ठेवलं की तळाशी पांढराशुभ्र थर बसतो. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच प्रकार. हा ओलसर चुरा कापडाच्या झोळीत किंवा यंत्रात हलवत राहिलं की त्याचे गोल मणी बनतात. मग चाळण्या लावून आकार वेगळे करायचे, तापलेल्या तव्यांवर भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. भाजण्याऐवजी वाफवला की त्याचा काचेसारखा दिसणारा नायलॉन साबुदाणा होतो. तळला की छान फुलतो, म्हणून चिवड्याला तोच घेतात.

आता त्यातली गंमत. हा साबुदाणा मुळात दुसऱ्याच एका साबुदाण्याची नक्कल आहे. मूळचा साबुदाणा न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांच्या बाजूच्या ताडासारख्या एका झाडाच्या खोडातून निघतो. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं, पण फुलोरा यायचा आहे, अशा वेळी ते पाडतात. त्या काळात खोडात पिष्ट साठलेलं असतं आणि एका खोडातून दीडशे किलोच्या वरसुद्धा निघतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो सुमात्रात गेला होता, त्याने झाडाच्या पोटातून निघणाऱ्या या पिठाचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढे मलायात पेनांग-सिंगापूरच्या बाजूला कसाव्यापासून तसेच मणी बनवणं सुरू झालं, कारण झाड वाढायची वाट कोण बघणार? कसावा वर्षभरात तयार होतो.

आपला साबुदाणा तर तमिळनाडूतल्या सेलमहून येतो. ते कुठून आलं यात?

याचं उत्तर महायुद्धात आहे. पण आधी केरळ. कसावा मूळचा ब्राझीलकडचा, आणि तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांमुळे पोचला. पण लोकांनी तो मनापासून खावा यासाठी त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी खटपट केली. त्यांची कारकीर्द १८८० ते १८८५ अशी जेमतेम पाच वर्षांची. तांदूळ कमी पडला तर गरिबाच्या पोटाला आधार हवा, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथून येणारा तांदूळ बंद झाला आणि त्रावणकोरची मोठी लोकसंख्या खरोखरच कप्प्यावर तगली.

त्याच युद्धाने मलायातून येणारा साबुदाणा आणि पिष्टही तोडलं. सेलमचे माणिक्कम चेट्टियार हे मासळीचे व्यापारी. धंद्यानिमित्त त्यांचं केरळात जाणं-येणं असे, त्यामुळे हा कंद त्यांच्या पाहण्यातला होता. पेनांगहून परतलेले पोपटलाल शहा नावाचे गुजराती गृहस्थ त्यांना भेटले, आणि शहांना साबुदाणा बनवण्याची रीत ठाऊक होती. १९४३ साली दोघांनी मिळून हाताने, अगदी घरगुती साधनांनी काम सुरू केलं. मासळीचा व्यापारी आणि पेनांगचा गुजराती यांच्या भागीदारीतून आपल्या एकादशीचा मुख्य पदार्थ देशी झाला, हे मला या साऱ्या गोष्टींत सर्वांत आवडतं.

पुढे सेलमच्या आसपास शेकडो कारखाने झाले. दलालांच्या तावडीतून सुटण्यासाठी कारखानदारांनी १९८१ साली ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था काढली. सदस्यांचा माल तिथे गोदामात येतो, त्याचे नमुने तपासले जातात आणि मग विक्री होते. २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्र हे या साबुदाण्याचं मोठं गिऱ्हाईक आहे. सेलमच्या कारखान्यांचा हंगाम आणि आपल्याकडच्या श्रावण-नवरात्राची मागणी यांचं गणित व्यापाऱ्यांना तोंडपाठ असतं.

साबुदाणा मांसाहारी असतो, असा मेसेज दर चातुर्मासात येतो. खरं काय?

मेसेजातली गोष्ट अशी असते: कंद मोठ्या उघड्या खड्ड्यांत महिनोन्महिने कुजवतात, त्यात किडे पडतात आणि ते तुडवून साबुदाणा होतो. प्रत्यक्षात काढलेला कंद फार टिकत नाही, दोन-तीन दिवसांत काळा पडू लागतो. त्यामुळे कारखानदाराला तो लगेच किसायची घाई असते. चीक निवळायला लागतात ते काही तास. हौद उघडे असतील, स्वच्छतेत हयगय असेल, तर तो प्रश्न वेगळा, आणि तसा तो कुठल्याही खाद्यकारखान्याला लागू आहे.

काळजी करायचीच असेल तर अतिशुभ्र साबुदाण्याची करा. रंग खुलावा म्हणून रसायनं वापरल्याच्या आणि मक्याचं पिष्ट मिसळल्याच्या तक्रारी वारंवार आल्या आहेत, त्यावर कारवायाही झाल्या आहेत. किंचित मळकट रंगाचा साबुदाणा घ्यायला लाजू नये.

कच्च्या कसाव्यात मात्र सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, ही अफवा नाही. किसणं, धुणं, निवळणं, भाजणं यांत ते निघून जातं. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांनी कडू कसावा किसून आणि पिळून खाण्याजोगा करायची रीत हजारो वर्षांपूर्वी शोधली. सेलमचा कारखाना आजही मुळात तेच करतो.

खिचडीचा गिच्च गोळा का होतो?

भाजताना मण्याचं बाहेरचं कवच अर्धवट शिजलेलं असतं, आत कच्चं पिष्ट. पाणी जास्त झालं की कवच विरघळतं आणि दाणे एकमेकांना धरतात. म्हणून साबुदाणा धुऊन, बरोबरीला येईल इतकंच पाणी ठेवून भिजवायचा. दाण्याचं कूट भिजवलेल्या साबुदाण्याला आधीच चोळून ठेवायचं, ते दाण्यादाण्यावर बसतं आणि चिकटू देत नाही. कुटाचा दुसरा उपयोग पोषणाचा. साबुदाण्यात शेकडा एक टक्कासुद्धा प्रथिनं नसतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास असतात. कुटात कंजुषी केलेली खिचडी चवीला आणि अंगाला, दोन्हीकडे पोकळ.

बोबा चहातल्या काळ्या गोळ्या म्हणजे साबुदाणाच ना?

हो, चुलतभाऊ. तेच कसाव्याचं पिष्ट, फक्त मोठा मणी आणि काळ्या गुळासारख्या साखरेचा रंग. हे पेय तैवानमध्ये १९८०च्या दशकात निघालं. पुण्या-मुंबईत त्या गोळ्या चावणारी मुलं घरी खिचडीला नाक मुरडतात, त्यांना हे जरूर सांगा.

शेंगदाणा तर कडधान्य. उपवासाला चालतो कसा?

वनस्पतिशास्त्राप्रमाणे भुईमूग हा तूर, हरभरा, मुगाच्याच कुळातला. एकादशीला डाळी वर्ज्य, तर शेंगदाणाही वर्ज्य हवा होता. तो सुटला कसा, याबद्दल माझा तर्क असा: आपल्याकडे वर्ज्यावर्ज्य ठरलं तेव्हा भुईमूग इथे नव्हताच, त्यामुळे कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. आणि नंतर आला तेव्हा त्याचं वागणं डाळीसारखं नव्हतं. तो मातीतून उपटून काढायचा, टरफल फोडून खायचा, वरण म्हणून शिजवायचा नाही. लोकांनी त्याला कंदमुळांच्या आणि सुक्या मेव्याच्या मधे कुठेतरी बसवलं.

शेंग मातीत कशी जाते, हे शहरातल्या अनेकांना माहीत नसतं. पिवळं फूल जमिनीच्या वर येतं. परागीभवन झालं की फुलाच्या बुडातून एक दांडी फुटून खाली झुकते आणि टोकाने मातीत घुसते. शेतकरी याला आऱ्या सुटणं म्हणतात. आरी मातीत शिरली तरच शेंग भरते, हवेत राहिली तर वाया. म्हणून या पिकाला भुसभुशीत जमीन लागते, आणि आऱ्या सुटायच्या वेळी आपल्याकडे पिकावरून रिकामं पिंप फिरवायची पद्धत आहे. दाबामुळे आऱ्या मातीत शिरतात. पीक तुडवल्यासारखं दिसतं, पण शेंगा वाढतात.

भुईमुगाचं माहेर बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना. पेरूमध्ये सिपान इथे १९८७ साली मोचे संस्कृतीतल्या एका सत्ताधीशाची कबर सापडली. जवळपास सतराशे वर्षांपूर्वीची. त्याच्या गळ्यातल्या हारात शेंगदाण्याच्या शेंगा ओवलेल्या होत्या, काही सोन्याच्या, काही चांदीच्या. आपल्याकडचा धागाही कमी रोचक नाही. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराचा मारा करून भुईमुगाचे नवे प्रकार घडवले गेले. त्या वंशावळीतला, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर तयार झालेला ‘टॅग २४’ हा वाण १९९१ मध्ये आला आणि उन्हाळी भुईमुगात खूप चालला. दाण्याची आमटी आणि अणुसंशोधन यांचं नातं जोडायला मी काही ओढाताण केलेली नाही.

राजगिरा तरी आपलाच ना? नावातच राजा आणि गिरी आहेत.

नाव आपलं, दाणा मेक्सिकोकडचा. गोंधळ होतो त्याला कारण आहे. माठ, चवळई या पालेभाज्या राजगिऱ्याच्या जवळच्या नात्यातल्या आणि त्या आशियात जुन्या आहेत. पण ज्याचा दाणा आपण फुलवतो, तो मोठ्या तुऱ्याचा राजगिरा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि अँडीज या भागांत माणसाळवला गेला. हिमालयाच्या उतारांवर तो इतका रुळला आहे की पाहणाऱ्याला तिथलाच वाटावा.

आणि तो तिकडेही देवाधर्माचाच पदार्थ होता. आझ्टेक साम्राज्यात जिंकलेल्या प्रांतांकडून राजधानीला जी खंडणी यायची, तिच्यात मका आणि घेवड्याबरोबर राजगिरा असे. सणांना राजगिऱ्याचं पीठ गोड पाकात मळून त्याच्या देवमूर्ती बनवत, पूजा करत, मग ती मूर्ती मोडून तुकडे सगळ्यांना वाटत. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी राजधानी जिंकली. मूर्ती करून ती प्रसाद म्हणून खाणं हे पाद्र्यांना त्यांच्याच विधीची सैतानी नक्कल वाटलं. पूजा बंद पडली आणि राजगिऱ्याची शेतीही खूप आटली.

पूर्ण मात्र संपली नाही. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला तुल्येवाल्को नावाचं जुनं गाव आहे. तिथे आजही राजगिरा तापल्या भांड्यात फुलवतात, मधात किंवा पाकात घालतात, वड्या पाडतात आणि वर शेंगदाणे लावतात. त्यांना तिथे अलेग्रिया म्हणतात. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. एका टोकाला धर्माच्या नावाखाली ज्या दाण्याची पूजा बंद पाडली, तोच दुसऱ्या टोकाला उपवासाचा मानकरी झाला, आणि दोन्हीकडच्या आज्यांनी त्याचं एकच केलं: फुलवून गोडात घातला.

फुलवताना एक लक्षात ठेवा. कढई कोरडी आणि चांगली तापलेली हवी, आणि दाणे एका वेळी चमचाभरच. गर्दी झाली की खालचे जळतात, वरचे तसेच राहतात.

हळद चालत नाही आणि मिरची चालते. असं का?

याला तर्क शोधायला गेलं की डोकं दुखतं. हळद इथली, मिरची मेक्सिकोकडची. तिखटासाठी आपल्याकडे हजारो वर्षं मिरे होते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या मानसोल्लासात पाकक्रियांची रेलचेल आहे, वडे आहेत, इडलीचा पूर्वज आहे, मिरची नाही. असणारच नाही.

मिरची जिंकली ती स्वस्ताईवर. मिऱ्याचा वेल विशिष्ट हवा-पाण्यातच येतो, मिरची मात्र परसात, कुंडीत, कोरडवाहू रानात कुठेही. तिचा तिखटपणा मुळात सस्तन प्राण्यांना दूर ठेवायला असतो. पक्ष्यांना तो जाणवत नाही, ते फळ गिळतात आणि बी दूर नेऊन टाकतात. सस्तन प्राण्यांपैकी माणसाने मात्र ऐकलं नाही.

हळद, मोहरी, हिंग यांनी रोजच्या फोडणीचा वास येतो. उपवासाचं जेवण रोजच्यासारखं लागू नये, एवढाच यामागचा उद्देश असावा असं मला वाटतं. मिरे आणि जिरं चालतात, त्यात मिऱ्याच्या जागेवर हिरवी मिरची येऊन बसली. कोथिंबिरीवरून तर एकाच इमारतीतल्या दोन घरांत मतभेद असतात.

मग जे जे परदेशी ते ते उपवासाला चालतं, असा नियम आहे का?

नाही, आणि हीच या विषयातली किल्ली. मका अमेरिकेतला, चालत नाही. राजमा अमेरिकेतला, चालत नाही. टोमॅटो, ढोबळी मिरची अमेरिकेतल्या, बहुतेक घरांत चालत नाहीत. म्हणजे नव्या पाहुण्याला दारात उभं करून त्याचा चेहरा पाहिला गेला. मका कणसात येतो, दळला की भाकरी होते, तो धान्य ठरला. राजमा शिजवला की उसळ होते, तो कडधान्य. बटाटा, रताळं, कसावा हे कंद, म्हणून ऋषिमुनींच्या कंदमुळांत गेले. राजगिरा गवताच्या कुळातला नाही, पालेभाजीचं बी आहे, म्हणून तो सुटला. लाल भोपळा फळ म्हणून आत आला. शेंगदाण्याचं वर आलंच आहे.

एकादशीला अन्न, म्हणजे धान्य-डाळी खाऊ नये, एवढा जुना दंडक होता. नव्या पिकांनी तो मोडला नाही, त्याच्या फटीतून ती आत आली. आणि ती इतकी चविष्ट निघाली की ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करायची सोय झाली.

बटाट्याबद्दल नवीन काय सांगणार?

थोडंच. पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरचं टिटिकाका सरोवर, त्याच्या आसपासच्या पठारावर सात-आठ हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला गेला. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात चार हजारांहून अधिक प्रकारचे बटाटे जपून ठेवले आहेत. बाजारात तुम्ही लाल आणि पांढरा यांतच निवड करता, हे लक्षात घ्या.

अँडीजमध्ये बटाट्याचं वाळवणही करतात. रात्रीच्या कडक थंडीत बटाटे उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस केलं की तो काष्ठवत हलका होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. आपण चैत्र-वैशाखात गच्चीवर उपवासाचा कीस वाळवतो, तिकडे हिमात वाळवतात.

भारतात बटाटा मुख्यतः हिवाळी पीक, कारण त्याला थंडी लागते. पावसाळी बटाटा घेणारे पट्टे मोजके, त्यातला एक आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार. श्रावणापासून पुढच्या उपवासांत पुणेकरांच्या पानात तिथला नवा बटाटा येतो.

रताळं?

तेही अमेरिकेतलं, पण त्याचा प्रवास सगळ्यांत अजब. पॅसिफिक महासागरातल्या कुक बेटांवर जवळपास हजार वर्षांपूर्वीचे रताळ्याचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे कोलंबसाच्या कितीतरी आधी ते हजारो मैल समुद्र ओलांडून गेलं होतं. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी दक्षिण अमेरिका गाठून ते आणलं, असं बरेच अभ्यासक मानतात. भारतात मात्र ते युरोपीयांच्याच वाटेने आलं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बाजार समितीत रताळ्यांचे जे ढीग लागतात, ते पाहून याला कोणी परकं म्हणणार नाही.

निदान फळं?

केळी, आंबा, बोर, जांभूळ, आवळा घ्या, निश्चिंत राहा. पेरू, पपई, अननस, चिकू आणि सीताफळ मात्र तिकडचेच. घोलवडचा चिकू आणि बीडचं सीताफळ या दोघांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, यावरून त्यांनी इथे किती मूळ धरलं आहे ते समजतं.

उपवासाला सैंधवच का? आणि ते येतं कुठून?

साधं मीठ समुद्राचं आणि सैंधव खाणीतलं, म्हणून ते शुद्ध, असं घरोघरी सांगतात. पण सैंधवही समुद्राचंच आहे, फक्त तो समुद्र पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटला. त्या थरांतली सर्वांत प्रसिद्ध खाण खेवडा, पाकिस्तानातल्या पंजाबात, झेलम जिल्ह्यात. फाळणीनंतरही कित्येक दशकं आपल्या उपवासाचं मीठ मुख्यतः तिथूनच येत राहिलं. २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क बसलं आणि मे २०२५ मध्ये आयातच बंद झाली. भारतात हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यात सैंधवाचे साठे आहेत, पण मागणीच्या मानाने तिथलं उत्पादन अगदी थोडं.

एक सूचना: सैंधवात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. उपवासापुरतं ठीक, बारा महिने तेच वापरायचं असेल तर विचार करून.

भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात का येतात?

भगर म्हणजे कांडून टरफल काढलेली वरई. हे खास इथलं भरडधान्य, नाशिकच्या आदिवासी भागात पिकतं आणि नाशिकच्या गिरण्यांत त्याचं टरफल काढलं जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत साठवण नीट नसेल तर तिला बुरशी लागते आणि बुरशीची विषं शिजवूनही जात नाहीत. पीठ तर आणखी लवकर खराब होतं. सुटी भगर किंवा दुकानातलं तयार पीठ घेण्यापेक्षा तारीख असलेलं बंद पाकीट आणा, निवडा, धुवा आणि पीठ लागेल तेवढंच घरी दळा.

वरई धान्य असून उपवासाला कशी चालते, हा प्रश्न रास्त आहे. नांगरलेल्या शेतातलं ते अन्न आणि रानातलं, डोंगरउतारावरचं ते फराळाचं, अशी एक जुनी समजूत याच्यामागे सांगतात. पटली तर घ्या.

चहा चालतो का?

चालतो, आणि कोणी विचारतही नाही. आता थोडा इतिहास. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात फोडली. पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. वाद अर्थात चहाच्या पानांवरून नव्हता, तो ख्रिस्ती हातच्या पेयावरून होता. तरी ज्या पुण्यात एका कपावरून शहर ढवळून निघालं, तिथे निर्जळी सोडली तर चहावाचून एकादशी उगवत नाही.

फक्त इथल्याच जिनसांवर उपवास करायचा तर काय खावं?

जमतं, आणि चांगलं होतं. वरईचे तांदूळ तुपाजिऱ्याच्या फोडणीत. सोबत आमटी, पण शेंगदाण्याऐवजी ओल्या नारळाची, आमसुलाचं आंबट आणि मिरचीऐवजी भरड कुटलेले मिरे घालून. चिंचेच्या पाण्यात उकळून खाज काढलेल्या सुरणाच्या काचऱ्या. काकडीची कोशिंबीर दह्यात, कूट न घालता. शिंगाड्याच्या पिठाचा शिरा गुळात, आणि शेवटी ताक. शिंगाड्याचं पीठ घेताना ते विदर्भातल्या, भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतलं मिळालं तर पाहा, आणि भाजताना आच मंद ठेवा. पीठ बदामी रंगावर यायला वेळ लागतो, घाई केली तर शिरा कच्चट लागतो.